गिलानसेवा आणि अखेरचा निर्णय

अरुणा शानबाग प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी दिलेल्या निर्णयाची चर्चा ‘दयामरण’ या एकाच शब्दाभोवती फिरत राहिली. आमच्या मते त्यातील मोलाचा भाग निराळा आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात झालेल्या अत्याचारामुळे ही परिचारिका कायमची अंथरुणास खिळली. तिचे अन्न थांबवावे, अशी मागणी पिंकी विराणी यांनी केली. परंतु तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने तिची शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयीन सेवकवर्गाला दिला.

सेवा करणारा तोच आप्त, हे तत्त्व विनयपिटकास अपरिचित नाही. महावग्गातील चीवरक्खन्धकात अतिसाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या भिक्खूची कथा येते. तथागतांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले. तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करील, असे तथागतांनी भिक्खूंना विचारले.

तथापि त्याच प्रकरणात चांगल्या परिचारकाप्रमाणे चांगल्या रुग्णाचेही गुण सांगितले आहेत. आपली व्यथा परिचारकास यथार्थ सांगणे हा त्यांपैकी एक होय. अरुणाची वाणीच हिरावली गेली होती. १८ मे २०१५ रोजी तिचे निधन झाले; तिची इच्छा काय होती, हे कोणास कळले नाही. २०११ च्या निर्णयाने आप्त, डॉक्टर आणि उच्च न्यायालय यांची व्यवस्था लावली; रुग्णाच्या पूर्वकथित शब्दाला मात्र त्या व्यवस्थेत स्थान ठेवले नाही. ही उणीव ९ मार्च २०१८ च्या निर्णयाने दूर केली. २४ जानेवारी २०२३ पासून अशा वैद्यकीय इच्छापत्रास दोन साक्षीदार आणि नोटरी वा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत.

तिसऱ्या पाराजिकेने मरणाची प्रशंसा करून कोणास मृत्यूकडे ढकलणेही निषिद्ध ठरविले आहे. हा निषेध आम्हांस शिरोधार्य आहे. बरे होण्याची आशा मावळल्यावर श्वासयंत्र नाकारणाऱ्यास तो लागू होत नाही, असे आम्ही मानतो. ‘म्हाताऱ्यावर आता कशाला खर्च’ असे म्हणणाऱ्या घराला मात्र तो लागू होतो. वाशीम जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात पैसे संपले म्हणून रुग्ण घरी आणला जातो, तेव्हा तो निर्णय नसतो, निरुपाय असतो. २०२४ मध्ये वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. उपचार आवाक्यात आले, तरच ते नाकारण्याच्या अधिकाराला अर्थ येईल.

म्हणून कागदावर सही घेण्यापूर्वी वडीलधाऱ्यांना त्यांचे मन विचारले पाहिजे, तेही ते धडधाकट असताना. वर्षावासात विहारात सारे एकत्र येतात. हा प्रश्न तेथे निःसंकोच विचारता येईल.