ओठांचा नियम आणि शिष्याचे मुख

शंखध्वनीचे मूळ शंखात नसून फुंकणाऱ्याच्या कंप पावणाऱ्या ओठांत असते. शंख त्या कंपनाला आकार देतो आणि मोठेपणा देतो. देवळातील शिंग-तुतारीचे तेच, ट्रम्पेट आणि फ्रेंच हॉर्न यांचेही तेच. म्हणून पितळी वाद्ये शिकताना माउथपीस ओठांवर कोठे टेकवावा, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. जागा चुकली की उंच स्वर कोंडतात, ओठ लवकर थकतात, आणि दोष मात्र शिष्याच्या अंगच्या गुणांना दिला जातो.

याविषयी ग्रंथांत एकवाक्यता नाही. आर्बां यांनी 1864 साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध केलेल्या कॉर्नेट-पद्धतीत दोन-तृतीयांश माउथपीस खालच्या ओठावर ठेवावा असे सांगितले. शिकागोच्या वाद्यवृंदातील प्रमुख हॉर्नवादक फिलिप फार्कास यांनी 1956 च्या आपल्या ग्रंथात हॉर्नसाठी दोन-तृतीयांश भाग वरच्या ओठाला दिला. पुढे 1962 च्या 'द आर्ट ऑफ ब्रास प्लेइंग' मध्ये त्यांनी खालचा जबडा पुढे आणून श्वासाचा झोत सरळ नळीत सोडावा असे प्रतिपादिले. ग्रंथाची मांडणी सुबोध आहे, आणि वाचकाला पटावी अशीच आहे. परंतु पटणे वेगळे आणि खरे असणे वेगळे.

फार्कास यांची थोरवी आम्हांस येथेच दिसते. 1970 साली त्यांनी चाळीस निष्णात हॉर्नवादकांच्या ओठांची छायाचित्रे प्रसिद्ध केली. बहुतेकांचा झोत सरळ न जाता कमीअधिक खाली वळत होता. तेव्हा त्यांनी आपले पूर्वीचे मत सुधारले. स्वतःच्या नियमाची स्वतःच परीक्षा घेणारे ग्रंथकार विरळाच.

तरीही या छायाचित्रांची मर्यादा सांगितली पाहिजे. ती सिद्धीस पोहोचलेल्यांची आहेत. अडखळणाऱ्या शिष्याची वाट त्यांत दिसत नाही. शिवाय ती हॉर्नवादकांची असल्यामुळे ट्रम्पेटच्या विद्यार्थ्याला जशीच्या तशी लागू करता येणार नाहीत. माउथपीसमध्ये वरचा ओठ अधिक असल्यास झोत खाली जातो, खालचा अधिक असल्यास वर. आणि कोणाला काय साधेल हे त्याच्या दातांच्या, जबड्याच्या व ओठांच्या घडणीवर अवलंबून असते.

यावरून गुरुजनांनी घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. आरसा किंवा पारदर्शक माउथपीस घेऊन आधी पाहावे, मग बोलावे. जागा बदलायचीच तर केसभर बदलावी आणि स्वर मोकळा होतो की नाही हे कानाने ठरवावे. उंच स्वरासाठी माउथपीस ओठांवर दाबण्याची सवय मोडावी, कारण दाबाने रक्ताभिसरण अडते व ओठ मुके होतात. मधूनमधून विसावा द्यावा. आरशात दिसणारी ठेवण विलोम भासली, पण स्वर निर्मळ व टिकाऊ असला, तर तिला हात लावू नये.

नियम शिष्यासाठी असतो. गुरूने आपल्या ओठांचे माप त्याच्या मुखावर लादले, तर ते अध्यापन नव्हे.