लिजियाचे माहेर

हेन्रिक शेनक्येविच यांची ‘क्वो वादिस’ ही कादंबरी १८९६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. आपल्याकडे ती रोमची कथा म्हणूनच ओळखली जाते. नीरोने मांडलेला छळ, रोम सोडून निघालेले संत पेत्र, वाटेत त्यांना झालेले प्रभू येशूचे दर्शन, हा सारा भाग प्रवचनाला फार सोयीचा. परंतु ही कादंबरी एका पोलिश माणसाने आपल्या देशबांधवांसाठी लिहिली, हे ध्यानी घेतल्यावाचून तिचा गाभा हाती लागत नाही, असे आमचे मत आहे.

१७९५ साली रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनी पोलंडची अखेरची वाटणी केली आणि १९१८ पर्यंत तो देश नकाशावर उरला नाही. शेनक्येविच रशियाच्या अमलाखाली जन्मले. १९०५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९१६ साली ते स्वित्झर्लंडमध्ये वारले, देश स्वतंत्र झालेला न पाहताच. आता त्यांची नायिका पाहा. लिजिया ही लिजियन राजाची कन्या, बालपणीच रोमच्या हाती ओलीस म्हणून आलेली. तिच्या लोकांचा मुलूख तोच पुढचा पोलंड, अशी लेखकाची धारणा. रिंगणात तिला ज्या रानबैलाच्या शिंगांना बांधतात, तो जर्मेनियाच्या अरण्यातला. त्याची मान मुरगाळणारा उर्सुस तिच्याच रक्तामांसाचा देशबंधू. परक्या राजवटीत उघड बोलता न येणारे दुःख लेखकाने असे बोलून दाखविले.

तरीही दोष सांगितलाच पाहिजे. लिजिया माणूस म्हणून उभी राहत नाही. ती प्रार्थना करते, लाजते, सोसते. मूर्तिपूजक पेत्रोनियुस मात्र, त्याच्या थट्टेखोर बुद्धीसह, अखेरच्या मेजवानीत शिरा कापून घेईपर्यंत जिवंत वाटतो! ओलीस मुलगी परमुलखात दिवस कसे काढते, कोणत्या भाषेत स्वप्ने पाहते, हे लेखक सांगत नाही.

ते आपल्या महाराष्ट्राने डोळ्यांनी पाहिले आहे. १९४० व १९४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून सैबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केलेल्यांपैकी सुमारे पाच हजार जण, बहुतांशी स्त्रिया व मुले, इराणमार्गे येऊन १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवडे येथील छावणीत राहिले. तेथे त्यांचे चर्च होते, शाळा होत्या, बालवीर पथके होती, नाटके होत. मुले पोलिश भाषेतच शिकली. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. पण त्यांच्यापैकी अनेकांची गावे युद्धानंतर सोव्हिएत हद्दीत गेली होती. परतायचे कोठे? कोणी इंग्लंडला गेले, कोणी त्याहून दूर. काहींच्या कबरी कोल्हापुरातच राहिल्या. कादंबरीकाराने लिजियाला जे दिले नाही, ते या बायांजवळ होते: चूल, पोरांच्या वह्या, पुरलेली माणसे.

गोंदिया जिल्ह्यातील वाचकाला हे दूरचे वाटण्याचे कारण नाही. आपल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. हिवाळ्यात तिबेटी विक्रेत्यांकडून स्वेटर घेताना आपण भाव तेवढा विचारतो, गाव विचारीत नाही.

ज्यांच्या हाती ही कादंबरी पडेल त्यांनी नीरोच्या मेजवान्यांत फार रेंगाळू नये. औलुस प्लाउतियुसच्या घरातील त्या परक्या मुलीजवळ थांबून पुढे जावे. संत पेत्र वाटेत भेटतातच.