बारा तारा, सहा जोड्या

मराठी संगीतसमीक्षा गायकाविषयी भरभरून बोलते, रागाविषयी तर बोलतेच; साथीच्या वाद्यापाशी आली की मात्र तिची शब्दसंपत्ती एकाएकी आटते. पेटी ‘भरून साथ करते’, तबला ‘रंगतो’ आणि गिटार ‘झंकारते’. बारा तारांची असली तर ‘अधिकच झंकारते’. हा झंकार कशाने होतो, तो गाण्याला कुठे उपकारक आणि कुठे अडचणीचा, हे सांगितल्याखेरीज त्या शब्दाला फारशी किंमत नाही.

नेहमीच्या गिटारीच्या सहा तारा जाडीकडून बारकाईकडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. बारातारी गिटारीत यातल्या प्रत्येक तारेला एक सोबतीण मिळते, एकाच बोटाखाली दोघी दाबल्या जाव्यात इतकी जवळ. पण या सहा जोड्या एकसारख्या नाहीत. बी आणि वरची ई यांच्या जोड्या एकाच सुरातल्या असतात. खालच्या चार जोड्यांत मात्र सोबतीण एक सप्तक वर लावलेली असते. त्यामुळे जीची बारीक तार साऱ्या वाद्यात सर्वांत उंच बोलते, आणि बहुधा सर्वांत आधी तीच तुटते. बारा तारांचा ताण खोक्याला जड जातो म्हणून अनेक वादक सगळी गिटार एक पूर्ण स्वर उतरवून लावतात आणि दुसऱ्या पडद्यावर कॅपो चढवतात. अमेरिकेत या वाद्याला नाव मिळवून देणारा लेडबेली (मृत्यू 1949) तर त्याहूनही खाली उतरे.

बहुतेक गिटारींत सप्तकाची बारीक तार जाड तारेच्या वरच्या अंगाला बसवतात. हात खाली येताना आधी ती बोलते, वर जाताना आधी जाड तार. म्हणून एकाच स्वरमेळाचा रंग खालच्या आणि वरच्या आघाताला बदलतो. रिकनबॅकर कंपनीने आपल्या विजेच्या गिटारीत हा क्रम उलटा ठेवला. जॉर्ज हॅरिसनच्या हातून 1964 साली जगाने ऐकलेला तो घंटेसारखा नाद याच गिटारीचा. क्रमाची एवढीशी अदलाबदल, पण कान ती पकडतो.

आता झंकाराकडे. तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारांना आपण जोड म्हणतो, आणि ती लावताना काय होते हे तंबोरा हाती घेतलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दोन तारांत सेकंदाला एका कंपनाचा फरक असला तर सेकंदाला एकदा आवाज फुगतो आणि ओसरतो. फरक मिटत आला की हे फुगणे लांबत जाते. बारातारी गिटारीचा सगळा जीव या हेलकाव्यात आहे. तंबोऱ्याला शिवाय जवारी असते. घोडीवरचा दोरा तारेतले वरचे स्वरांश उकलून दाखवतो. गिटारीला तशी सोय नाही. तिथे वरचा प्रकाश आणायचे काम सप्तकाच्या तारांनाच करावे लागते.

इथेच अडचण सुरू होते. गिटारीचे पडदे समान अंतराच्या स्वरसप्तकाला बांधलेले. षड्ज 200 कंपनांचा धरला तर गाणाऱ्याचा स्वाभाविक गंधार 250 वर येतो, गिटारीचा सुमारे 252 वर. दोन कंपनांनी काय बिघडते, असे कोणी म्हणेल. पण षड्जाचा पाचवा स्वरांश 1000 आणि या गंधाराचा चौथा 1008, यांची सेकंदाला आठ वेळा टक्कर होते. सहा तारांवर ती झाकली जाते. बारा तारांवर गंधाराची सप्तक-तार नेमकी त्या 1008लाच बळ देते. म्हणजे ज्या चमकेसाठी वाद्य घेतले, तीच चमक गंधाराचा खरखरीतपणा उजेडात आणते. भावगीताच्या किंवा गझलेच्या मागे बारातारीवर भरगच्च मेजर कॉर्ड छेडत राहणारे संयोजन मला म्हणूनच पटत नाही. गायक गंधारावर विसावू पाहतो तेव्हाच वाद्य त्याच्याशी वाद घालत असते.

या पेचातून वाट काढलेली एक परंपरा आपल्या शेजारी, गोव्यात आहे. फादोच्या साथीची पोर्तुगीज गिटार हीसुद्धा बारा तारांची आणि सहा जोड्यांची. घराणे मात्र वेगळे. खोके पेरूच्या आकाराचे, तारा पिळण्याच्या खुंट्या पंख्यासारख्या पसरलेल्या, वादन नखांनी. वरच्या तीन जोड्या एकाच सुरात, खालच्या तीन सप्तकाच्या. महत्त्वाची आहे ती कामाची वाटणी. स्वरमेळ धरायचे काम दुसऱ्या, साध्या गिटारीकडे असते. बारातारी गायिकेच्या ओळीला उत्तर देते, तिच्या श्वासाच्या जागा भरते, आणि हे बव्हंशी एकेरी सुरावटीने. फोंड्याच्या सोनिया शिरसाट गातात आणि ऑर्लांदो द नोरोन्या पोर्तुगीज गिटार छेडतात तेव्हा जोडतार ही गर्दी न वाटता आवाज वाटते. फादोला 2011 साली युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले, त्याचा गौरव लिस्बनचा. आपण मात्र गोव्यातल्या या वादनाला वसाहतीची उरलीसुरली आठवण समजून मोकळे होतो. संगीताचा विचार म्हणून त्याकडे पाहायला काय हरकत आहे?

मुंबईच्या चित्रपटसंगीताविषयी असे बोलायला गेले की पहिली धोंड आडवी येते ती नावांची. तबकडीवर गायक, गीतकार, संगीतकार छापले जात. गिटार कोणाची, हे बहुधा नाही. भूपिंदर सिंग यांच्यासारखा वादक पुढे गायक म्हणून गाजला, ‘वो जो शायर था’ (1980) मध्ये गिटार गझलेत घेऊन आला, म्हणून ‘दम मारो दम’मागचा त्यांचा हात लोकांना कळला. बाकीच्यांची दखल घ्यायला ग्रेगरी बूथ यांचे ‘बिहाइंड द कर्टन’ 2008 साली, आणि तेही इंग्रजीत, यावे लागले. या वादकांत गोव्याचे किती होते हे आठवले म्हणजे मराठी अभ्यासकांची ही उणीव अधिक बोचते.

शेगावच्या माणसाला हे सगळे दूरचे वाटू नये. गजानन महाराजांच्या पालखीबरोबर वीणेकरी चालतो, त्याच्या गळ्यातली वीणा मोकळ्याच तारांची छेडली जाते. अभंगाचा गंधार ती गाणाऱ्यांवर सोपवते. फादोची गिटार सुरावट घेते, वीणा आधार देते, आणि दोघीही गंधाराच्या भांडणात पडत नाहीत. बारातारी शिकणाऱ्याने दोघींकडून घ्यावे. प्रत्येक जोडीतली एक तार बोटाने दाबून मुकी करावी, आधी जाड तार लावावी, मग तिच्यावर बारीक. बोट पडद्याला लागून आणि हलके ठेवावे, कारण जोर दिला की जाड तार चढते आणि बारकीशी तिचे सप्तक मोडते. मग कॉर्डमधला गंधार गाळून नुसते षड्ज-पंचम छेडावेत, आणि गंधार आपल्या गळ्याने लावून पाहावा.