चालीला चालू खातं नाही

बँकेत वीस-बावीस वर्षं काढली की माणसाला एक खोड लागते. आनंदाची बातमी वाचली तरी तो आधी जमाखर्च मांडतो. २०२५ च्या गणपतीत राज्य सरकारनं १८०० भजनी मंडळांना प्रत्येकी २५ हजार रुपये द्यायचं जाहीर केलं. आमच्या वाडीत ही बातमी प्रसादासारखी हातोहात वाटली गेली. मी मात्र गुणाकार करून मोकळा झालो : साडेचार कोटी!

"देवाच्या कामात तरी आकडे नकोत," सौ. म्हणाली.

आता योजना वाईट आहे असं कोण म्हणेल? पेटी, पखवाज, वीणा, टाळ घ्यायला पैसे मिळणार. आमच्या मंडळाच्या पेटीचा भाता ओढला की सुराआधी दमेकऱ्याचा उसासा ऐकू येतो. आजवर कोकणातलं भजन चाललं ते चाकरमान्यांच्या वर्गणीवर आणि यजमानाच्या चहा-उसळीवर. त्यात सरकारनं हात दिला तर तो झिडकारायचा कशाला?

पण ह्या अनुदानाचं नाव 'भांडवली' आहे, आणि तिथंच माझ्यातला बी. कॉम. जागा झाला. भांडवली खर्च म्हणजे ज्यातून टिकाऊ वस्तू हाती येते तो, असं आम्हांला शिकवलं होतं. पेटी टिकाऊ ठरली. ठीक. पण रत्नागिरीचे चार पावसाळे खाल्ले की तिच्या पट्ट्या फुगून बसतात. तिच्यावर घसारा धरावाच लागतो. चालीवर मात्र घसारा नाही! 'मानापमान' १९११ सालचं. गोविंदराव टेंब्यांनी त्या चाली दिल्या तेव्हाच्या पेट्या आज किती वाजत असतील? चाली अजून ठणठणीत आहेत. १९२१ साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले ह्यांनी तेच नाटक 'संयुक्त' करून टिळक स्वराज्य फंडाला पैसे मिळवून दिले. म्हणजे आमच्या रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांच्या नावच्या फंडात चालींनी भरणा केला! आमच्या सावरकर नाट्यगृहात हौशी मंडळी ती जुनी पदं गातात तेव्हा त्याच ठेवीचं व्याज आम्ही खात असतो. नवी ठेव कोण ठेवतंय?

अनुदानात चालीचा रकाना नाही, हे खरं. पण सगळा दोष सरकारच्या माथी कशाला? डबलबारीत बुवानं सिनेमाची चाल उचलली की आम्हीच टाळ्या पिटतो. कर्जाऊ चाल, ना जामीन, ना हप्ता! आणि एखाद्यानं स्वतःची चाल लावली, की आम्ही त्याच वेळी पानाला चुना लावायला बाहेर येतो.

आमच्या वाडीतले बुवा दर गणपतीला गजराची नवी चाल बांधायचे. लावणीच्या चिखलात उभे राहून गुणगुणायचे आणि चतुर्थीपर्यंत चाल तयार. त्याबद्दल त्यांना कुणी पाच रुपये दिले नाहीत, आणि मंडळाचा खजिनदार मीच होतो. दोन वर्षांपूर्वी बुवा गेले. पेटी मुलानं कापडात बांधून जपली आहे. परवाच्या गणपतीत आम्ही ठरवलं, बुवांची चाल घ्यायची. झांजवाल्याला धृपद आठवत होतं. पखवाजीला ठेका. अंतरा कुणालाच येईना. धृपद चार वेळा म्हटलं आणि मी घाईघाईनं आरतीचं ताट पुढं केलं.

म्हणून माझी सूचना साधी आहे. २५ हजारांतले पाच हजार चालीसाठी बांधून ठेवावेत. बांधणाऱ्याला मानधन, ती फोनवर नीट मुद्रित करून घेणं आणि स्वरलिपी लिहून देणाऱ्याला बिदागी, एवढ्यासाठीच. आणि सरकार हे करीपर्यंत मंडळांनी वर्गणीतून करावं. आमच्या वहीत मी ते खातं यंदा उघडलंय.

बँकेत ठेवीची दहा वर्षं कुणी विचारपूस केली नाही तर ती रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण वारस आला तर परत मिळते. बुवांची अर्धी चाल दोनच वर्षांत गेली. आणि वारस म्हणाल, तर आम्ही पन्नास जण तिथंच टाळ घेऊन बसलो होतो.