चित्रातला कोल्हा

ग्वामान पोमा दे आयाला हे पेरूतील मूलनिवासी ख्रिस्ती लेखक. इ. स. १६१५च्या सुमारास त्यांनी स्पेनचे राजे तिसरे फिलिप यांना उद्देशून सुमारे १२०० पानांचे निवेदन लिहिले. खाणींतील वेठ, जुलमी वसुली, स्त्रियांची विटंबना, सारे त्यांनी शब्दांत व ३९८ चित्रांत मांडले. हे हस्तलिखित १९०८ साली कोपनहेगनच्या राजग्रंथालयात उजेडात आले.

ग्रंथाची रचना विस्कळीत आहे, पुनरुक्ती फार आहे. स्पॅनिशमध्ये मधूनच क्वेचुआ भाषा येते. स्वकुळाची थोरवीही लेखक वाजवीपेक्षा अधिक गातात. हे दोष मान्य करूनही एका चित्रापाशी आम्ही थबकलो.

एक गरीब मूलनिवासी गुडघे टेकून हात जोडतो आहे. त्याला सहा प्राण्यांनी घेरले आहे. त्यांतला साप म्हणजे राजाचा अंमलदार, सिंह म्हणजे वेठ-खंडणीचा हक्कदार स्पॅनिश धनी, मांजर म्हणजे लेखनिक, उंदीर म्हणजे मूलनिवाशांचाच नाईक. आणि कोल्हा म्हणजे गावचा धर्मगुरू!

स्वकीय नाइकालाही न सोडणाऱ्या या लेखकावर पक्षपाताचा आरोप टिकत नाही. श्रद्धा त्यांनी टाकली नाही. धर्मगुरूंनी शिकवलेल्या शुभवर्तमानाच्या तराजूतच त्यांनी धर्मगुरूंना तोलले. या प्रतिकाराचे खरे बळ आम्हांला येथे दिसते.

ते पान आम्ही घाईने उलटू पाहिले, हे कबूल करतो. झगा तर आमच्याही अंगावर आहे.