रस्त्यावर पुरे होणारे शिल्प

स्पेनमधील सेव्हिल शहराच्या ईस्टरपूर्व मिरवणुकांविषयी दोन तऱ्हांनी लिहिले जाते. प्रवासी लिहितात ते उंच टोकदार टोप्या, मेणबत्त्यांच्या रांगा आणि संत्र्याच्या मोहोराचा वास यांविषयी. कलेचे इतिहासकार लिहितात ते अमुक मूर्ती कोणी व केव्हा घडवली याविषयी. या दोहोंमध्ये एक प्रश्न राहून जातो. रस्त्यावरून जाणारी ही वस्तू कलाकृती म्हणून असते कोठे? शिल्पकाराच्या लाकडात, की वाहणाऱ्यांच्या चालीत?

मी शिल्पशास्त्राचा जाणकार नव्हे. शाळेत मुलांना मराठी शिकवावे आणि उरल्या वेळात कादंबरी लिहावी, एवढाच माझा व्यवसाय. भाच्याकडे माद्रिदला गेलो असता गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, सकाळच्या गाडीने सेव्हिल गाठले आणि रात्रीच्या गाडीने परतलो. एका दिवसात शहर कळत नाही. पण एकच मूर्ती सकाळी उभी आणि संध्याकाळी चालताना पाहायला मिळाली, आणि या लेखाला तेवढे पुरे आहे.

ती मूर्ती सान साल्वादोर चर्चमधील, क्रूस वाहणाऱ्या येशूची. सतराव्या शतकाच्या आरंभी हुआन मार्तीनेस मोन्तान्येस (1568–1649) याने ती लाकडात घडवली. समकालीन लोक त्याला ‘लाकडाचा देव’ म्हणत. सकाळी ती चांदीच्या भव्य चौथऱ्यावर चढवून ठेवलेली होती. अंगावर खऱ्या कापडाचा झगा, मान पुढे झुकलेली, चेहऱ्यावर वेदनेपेक्षा थकवाच अधिक. काम असामान्य आहे, हे माझ्यासारख्यालाही कळले. तरी खरे सांगायचे तर मन हलले नाही. एक पाऊल पुढे, एक मागे, आणि दोन्ही जागच्या जागी. वाक्य अर्ध्यावर सोडून द्यावे तशी ती मूर्ती वाटली.

आपल्याकडचा वाचक येथे पटकन पालखी म्हणेल. पण वारीच्या पालखीत पादुका असतात. चेहरा तेथे नसतोच, तो वारकऱ्याने मनाने पुरवायचा असतो. सेव्हिलमध्ये चेहरा, हात आणि पाय यांचा तपशील इतका पुरा आहे की मनाला पुरवायला काही उरत नाही. धर्मसंस्थेला तेच हवे होते. 1563 मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने मूर्तींचा पुरस्कार केला, तो अडाण्यालाही धर्म डोळ्यांनी कळावा म्हणून. मग या पुऱ्या चेहऱ्यात उणीव कसली होती?

ती संध्याकाळी कळली. अरुंद गल्लीत लोक भिंतीला चिकटून उभे होते. चौथऱ्याखाली पडद्याआड माणसे असतात, मोठ्या चौथऱ्याखाली तीस-चाळीस. मानेच्या मणक्यावर आडवी तुळई घेऊन ती चालतात. त्यांना पुढचे काही दिसत नाही. बाहेरचा म्होरक्या पुढच्या धातूच्या ठोकणीवर आघात करतो, त्यावर उचलायचे, त्यावर टेकायचे. आघात झाला, चौथरा उचलला गेला आणि गल्लीत फक्त पायांचा घसटता आवाज उरला. त्या आवाजाबरोबर झगा हलला, खांद्यावरचा क्रूस किंचित डोलला, आणि सकाळी अर्धे वाटलेले पाऊल पुढे पडले. शिल्पकाराने पावलात जागा ठेवली होती, ती या माणसांनी भरली.

मोन्तान्येसला हे ठाऊक असावे. अठराव्या शतकातील चरित्रकार पालोमीनो सांगतो की, ही मूर्ती मिरवणुकीत निघाली की तिचा कर्ता वेगवेगळ्या रस्त्यांवर जाऊन तिला सामोरा होई, आणि हे आपल्या हातून झाले असणे अशक्य आहे, असे म्हणे. या आख्यायिकेला लोक नम्रतेचा दाखला मानतात. मला त्यात एक व्यावसायिक सत्य दिसते. त्याने घडवली ती मूर्ती कार्यशाळेतून गेली. रस्त्यावर दिसली ती त्याच्या एकट्याची नव्हती.

मात्र येथे भावविवश होऊन थांबता येत नाही. ज्या मानांवर हे शिल्प पुरे होते त्या कोणाच्या? कित्येक पिढ्या त्या रोजंदारीवरच्या हमालांच्या होत्या. देव मंडळाचा, चांदी श्रीमंतांची, आणि मान भाड्याची. 1973 साली ‘विद्यार्थ्यांचे मंडळ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका मंडळाच्या सभासदांनी प्रथम स्वतः चौथऱ्याखाली मान दिली, आणि मग ती रीत पडली. आज ती जागा मिळावी म्हणून तरुण धडपडतात. शेवटचे ओझे उतरल्यावर पडद्याआडून बाहेर आलेला हमाल भक्त होता की नुसता थकलेला होता, हे कोणत्याही कलेतिहासात लिहिलेले नाही.

या सगळ्यावरची मला माहीत असलेली सर्वांत धारदार टीका एका कवीची आहे, आणि तो याच शहरात 1875 साली जन्मला. आन्तोनियो माचादो. मिरवणूक थांबवून सज्जातून, कोणत्याही वाद्याविना, मूर्तीला उद्देशून जे गाणे म्हणतात त्याला ‘साएता’ म्हणतात, शब्दशः बाण. त्याच नावाच्या कवितेत माचादो हे आपल्या लोकांचे गाणे आहे हे मान्य करतो, आणि तरीही त्यात सूर मिळवायला नकार देतो. क्रुसावरच्या मरणापाशी थबकलेली भक्ती त्याला पटत नाही. त्याची ओढ जिवंत, चालत्या येशूकडे आहे.

त्या नकाराचे पुढे काय झाले? यादवी युद्धात माचादो प्रजासत्ताकाच्या बाजूने उभा राहिला आणि 1939 मध्ये सरहद्दीपलीकडे फ्रान्समधील कोलिऊर गावी वारला. 1936 मध्ये ज्याने सेव्हिल बळकावले तो सेनापती केइपो दे यानो मात्र 1951 साली शहरातल्याच माकारेना चर्चमध्ये, एका लाडक्या मिरवणुकीच्या घरी, पुरला गेला. त्याचे अवशेष तेथून हलवायला 2022 चा नोव्हेंबर उजाडावा लागला. मिरवणूक निष्पाप असते असे म्हणणाऱ्याने हे दोन मृत्यू शेजारी ठेवून पाहावेत.

पण गोष्ट येथे संपत नाही. 1969 मध्ये गायक सेरात याने माचादोच्या कवितांची ध्वनिमुद्रिका काढली. तीत ‘ला साएता’ होती. तिची चाल पुढे तुताऱ्यांच्या पथकांनी उचलली. त्या गुरुवारी एका चौथऱ्यामागे मी ती ऐकली. ज्या कवितेने लाकडी मूर्तीला गायला नकार दिला तिच्याच सुरावर लाकडी मूर्ती पावले टाकत होती. पथक वाजवते ती फक्त चाल, शब्द गळालेले. नकार वगळून सूर ठेवून घेतला, असे कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. समाजाला विरोधकही पचवता येतो, आणि पचवण्याची सोपी रीत म्हणजे त्याला सुरेल करणे.

तरी माझा निर्णय माचादोच्या पूर्ण बाजूने पडत नाही. चालता येशू हवा, ही त्याची मागणी होती. त्याच्या शहराने लाकडाला चालवून तिला एक उत्तर दिले आहे. ते अपुरे आहे, कारण ही चाल दरवर्षी त्याच मरणापर्यंत जाते. पण माझ्या शेजारच्या म्हातारबाई त्या वाद्यांबरोबर ओठ हलवीत होत्या. शब्द त्यांना पाठ होते. पथकाने गाळलेला नकार त्यांच्या ओठांवर होता, आणि त्या मूर्तीपुढे क्रुसाची खूणही करीत होत्या. या दोन्ही गोष्टी एका माणसात सुखाने राहतात, हे टीकाकाराने आधी मान्य करावे आणि मगच मूर्तीला किंवा कवितेला गुण द्यावेत.