खान्देशचा नाच आणि मोबाईलचा पडदा

  आजचा विषय ऐकून काहींना वाटेल की तत्त्वज्ञानाच्या माणसाने नाचाच्या भानगडीत कशाला पडावं? पण थोडा दम धरा. नाच म्हणजे काय, तो कुणाचा असतो, आणि त्याची चित्रफीत म्हणजे तोच नाच का, हे प्रश्न अगदी आमच्याच अंगणातले आहेत.

आधी परिस्थिती काय आहे ती पाहू. यूट्यूब २००५ साली आलं, पण धुळे-जळगावच्या खेड्यापाड्यांत ते खऱ्या अर्थाने पोचलं ते २०१६ नंतर, डेटा स्वस्त झाल्यावर. जून २०२० मध्ये आपल्याकडे टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामचे रील सुरू झाले. या दहा वर्षांत अहिराणी गाण्यांनी जो पल्ला मारला तो आमच्या पिढीला स्वप्नातही दिसला नसता. ‘हाई झुमका वाली पोर’ हे गाणं कोट्यवधी वेळा पाहिलं गेलं. ज्यांना अहिराणीचा गंध नाही असे लोक त्यावर नाचले. ‘केसावर फुगे’ पुण्या-मुंबईच्या हळदीत वाजलं. सुरतेच्या उधना-लिंबायत भागात राहणारी आपली खान्देशी माणसं, आखातात कामाला गेलेली पोरं, परदेशात स्थिरावलेली कुटुंबं, या सगळ्यांना एका धाग्यात ओवण्याचं काम या गाण्यांनी केलं.

हे यश छोटं नाही, आणि त्याला नाक मुरडणाऱ्यांपैकी आम्ही नाही. २०११ च्या जनगणनेत खान्देशी ही मातृभाषा सांगणारे सुमारे १८ लाख ६० हजार लोक होते. प्रत्यक्षात बोलणारे याहून जास्त असणार, कारण आपल्याकडे शाळेत गेलेला माणूस ‘घरी अहिराणी बोलतो’ हे सांगायला लाजत असे. कॉलेजच्या वर्गात कुणी चुकून ‘आमना गावले’ म्हणालं की मागच्या बाकावर हशा पिकायचा, हे आम्ही अनेक वर्षं पाहिलं. ती लाज या गाण्यांनी घालवली. भाषाशास्त्राचे शंभर परिसंवाद जे करू शकले नाहीत ते एका ठेक्याने केलं. एवढं मान्य करून आता टीकेकडे वळतो.

आमची पहिली तक्रार गाण्यांबद्दल नाही. ती पडद्याच्या आकाराबद्दल आहे. हसू नका, नीट ऐका.

आपल्या भागातले जुने नाच आठवून पाहा. साक्री, नवापूर, बागलाणच्या पट्ट्यात मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव होतो. भोपळा, बांबू आणि शिंग यांची पावरी घेऊन वादक सततच्या फुंकीवर वाजवत राहतो, आणि त्याच्या सुरावर माऊल्या रात्रभर फेर धरतात. सातपुड्यात, अक्कलकुव्याजवळ काठी गावाची होळी घ्या. कमरेला घुंगरं आणि सुके भोपळे, डोक्याला मोरपिसांचे टोप, अंगावर राखेची नक्षी, आणि होळीभोवती पहाटेपर्यंत नाच. घरातल्या बायकांचं पाहा. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुलींची गुलाबाई, वैशाखात आखाजीची गौराई आणि झोके, श्रावणात कानबाईचा रोट आणि सोमवारी विसर्जनाला जाताना घातलेल्या फुगड्या. या बहुतेक नाचांत एक गोष्ट समान आहे. तिथे फेर आहे, रिंगण आहे. रिंगणाला आतली बाजू असते आणि बाहेरची बाजू असते, पण ‘समोरची’ बाजू नसते. नाचणारा नाचणाऱ्याकडे बघतो. बघणारा म्हणून वेगळा कुणी असलाच तर तो कडेला उभा, आणि घटकाभराने तोही आत ओढला जातो.

मोबाईलच्या कॅमेऱ्याला मात्र ‘समोर’ लागतं. तो उभा धरायचा, अर्ध्या मिनिटात सगळं बसवायचं, चेहरे दिसले पाहिजेत. मग काय होतं? रिंगण उघडतं आणि त्याची रांग होते. सगळे एका दिशेला तोंड करून उभे राहतात. हातात हात सुटतो, कारण प्रत्येकाला स्वतंत्र ‘स्टेप’ दाखवायची असते. पाय चौकटीतून कापले जातात, आणि खान्देशच्या नाचात तर सगळी गंमत पायांत आहे! आता लग्नाच्या वरातीतही हेच दिसतं. बॅण्डच्या गाडीवर ऑर्गनमधून पावरीचा आवाज निघतो, पोरं छान नाचतात, पण मध्येच कुणी मोबाईल वर धरला की दहा जणं एकदम त्याच्याकडे तोंड करतात. नवरदेव बाजूला राहतो.

कुणी म्हणेल, सर, हे काय नवीन आहे? बरोबर. रंगमंचाने हे आधीच केलं होतं. १९५३ पासून दिल्लीत प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने लोकनृत्यांचे महोत्सव सुरू झाले. देशभरच्या पथकांना एकत्र आणण्याचा हेतू उदात्त होता. पण रात्रभर चालणारा नाच काही मिनिटांत बसवावा लागला, फेराला प्रेक्षकांकडे तोंड करावं लागलं, पोशाख एकसारखे झाले. शाळांच्या स्नेहसंमेलनांतून तोच साचा आपल्या गावांत परत आला. मोबाईलने त्या साच्याची फक्त गती वाढवली आणि तो प्रत्येकाच्या खिशात ठेवला.

कुणी असंही म्हणेल की लोककला बदलतच असते, तुम्ही सोवळं कशाला पाळता? हा आक्षेप आम्हाला मान्य आहे, पण अर्धाच. भजनात हार्मोनियम आलं, बॅण्डमध्ये ऑर्गन आला, त्याबद्दल आमची काही तक्रार नाही. नाचणाऱ्यांनी स्वतःच्या सोयीने, स्वतःच्या आनंदासाठी केलेला बदल हा परंपरेचाच भाग असतो. प्रश्न एवढाच विचारायचा, की हा बदल कुणी ठरवला? पायाला सोपं पडतं म्हणून ठेका बदलला, की चौकटीत मावत नाही म्हणून? पहिला बदल नाच जिवंत असल्याची खूण आहे. दुसऱ्यात नाचाचा मालक बदलला आहे आणि नाचणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही.

आता दुसरा मुद्दा, आणि इथे थोडं तत्त्वज्ञान. नेल्सन गुडमन नावाच्या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९६८ साली कलेच्या भाषांवर एक महत्त्वाचा ग्रंथ लिहिला. त्याचा एक प्रश्न असा, की एखादी कलाकृती ‘तीच’ आहे हे आपण कशावरून म्हणतो? चित्राचं सोपं आहे. मूळ एकच, बाकीच्या नकला. संगीताचं वेगळं. त्याची लिपी असेल तर जगात कुठेही वाजवा, कृती तीच. नाचाचं काय? रुडॉल्फ लाबान याने १९२८ मध्ये हालचाली लिहिण्याची एक लिपी मांडली आणि गुडमनने तिचा विचार केला. लिपीचं काम काय असतं? आवश्यक काय आणि योगायोगाचं काय, हे ती वेगळं करते.

चित्रफीत नेमकं हेच करू शकत नाही. ती एका रात्रीचा, एका माणसाचा नाच जसाच्या तसा देते. त्या रात्री नाचणाऱ्याचा पाय घसरला असेल तर घसरणंही देते. सुरतेत किंवा सिंगापूरला बसून तो नाच शिकणारी मुलगी ते घसरणं इमानेइतबारे गिरवते, कारण तिला कोण सांगणार? काय सोडायचं आणि काय धरायचं हे ज्ञान गावातल्या जाणत्या माणसाच्या अंगात असतं, चित्रात नसतं. म्हणून नुसती फीत पसरली म्हणजे नाच पसरला, असं समजायचं कारण नाही. त्याचं बाह्य रूप पसरलं एवढंच. त्याचं व्याकरण मागे राहिलं.

तिसरा मुद्दा नोंदीचा, आणि हा आम्हाला सगळ्यात जास्त बोचतो. खान्देश हा नोंद ठेवणाऱ्यांचा प्रांत आहे, मित्रहो! इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून कागद जमवले. त्यांच्या निधनानंतर लगेच, १९२७ साली, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. शंकरराव देवांनी समर्थ वाग्देवता मंदिरात हस्तलिखितं सांभाळली. कागद कुठे मिळाला, कुणाकडे मिळाला, कोणत्या सालचा, हे लिहिल्याशिवाय त्याला साधन म्हणायचं नाही, ही शिस्त या शहराने महाराष्ट्राला दाखवली. आणि जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई? त्यांच्या ओव्या घरातल्यांनी उतरवून ठेवल्या, १९५२ मध्ये अत्र्यांच्या पुढाकाराने त्या छापल्या गेल्या, आणि ओवीबरोबर बाईचं नाव राहिलं. नाव राहिलं म्हणून तर आज विद्यापीठाला ते नाव आहे.

आता एखादी नाचाची फीत उघडा. वर लिहिलेलं असतं, ‘आदिवासी डान्स, नॉनस्टॉप’. गाव नाही. जमात कोकणा, मावची, भिल्ल की पावरा, याचा पत्ता नाही. पावरी वाजवणारा कोण, सण कोणता, तिथी कोणती, काही नाही. मग तीच फीत दुसरा उतरवतो, तिसरा वर आपलं नाव घालतो, चौथा खाली वेगळंच गाणं लावतो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली चाल कुणीतरी ध्वनिमुद्रित करून आपल्या नावावर नोंदवतो, आणि उद्या ती चाल ज्यांची आहे त्यांनीच वाजवली तर यंत्र त्यांनाच हक्काचा प्रश्न विचारतं. कोट्यवधी लोकांनी पाहिलं आणि एकालाही वादकाचं नाव माहीत नाही, याला प्रसार म्हणावं का?

शिवाय काही नाच दाखवण्यासाठी नसतातच. डोंगऱ्या देवाच्या माऊल्या व्रतस्थ असतात. काठीच्या होळीत नाचणारे आधी काही दिवस नेम पाळतात. त्यांच्यासाठी नाच ही मागणी आहे, नवस आहे. अंगात वारं आलेल्या माणसाच्या तोंडाजवळ मोबाईल नेऊन त्यावर विनोदी आवाज जोडणं हा आमच्या मते सरळ अपमान आहे. गुलाबाईच्या अंगणात नाचणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीला आपण जगासमोर नाचतोय हे माहीत असतं का? तिला, तिच्या आईला कुणी विचारलं का? परवानगी हा शब्द आपल्या लोककलेच्या चर्चेत फार उशिरा आला आहे.

मग करायचं काय? मोबाईल फेकून द्यायचा? मुळीच नाही. जगात याची चांगली उदाहरणं आहेत. हंगेरीत जॉर्ज मार्टिन नावाच्या अभ्यासकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गावोगावचे नाच चित्रित केले, नावनिशीवार नोंदवले. १९७२ मध्ये बुडापेस्टच्या तरुणांनी ‘तांझहाझ’, म्हणजे नाचघर, सुरू केलं. ट्रान्सिल्व्हेनियातल्या सेक गावात नाचाच्या अशा जागेला जे नाव होतं तेच त्यांनी घेतलं. तिथे रंगमंच नव्हता. जिवंत वाद्यं, मोकळी जमीन, आणि येईल त्याला फेरात घ्यायचं. गावातल्या जाणत्यांकडून शिकायचं आणि चित्रण आधाराला घ्यायचं. युनेस्कोने २०११ मध्ये जतनाची उत्तम पद्धत म्हणून त्याची नोंद केली. तिथे चित्रफीत लोकांना फेरात आणत होती. आपल्याकडे ती फेरातल्यांना बाहेर काढून बघ्यांमध्ये बसवते. यंत्र दोन्हीकडे एकच आहे, फरक वापराचा आहे.

युनेस्कोच्या यादीवरून आठवलं, शेजारच्या गुजरातचा गरबा २०२३ मध्ये तिथे गेला. आनंद आहे. पण गरबा टिकला तो यादीमुळे नाही. पोळेतल्या आणि सोसायटीतल्या बायकांनी नवरात्रात फेर सोडला नाही म्हणून टिकला. यादी मागून आली.

तेव्हा आमच्या तरुण मित्रांना, जे उत्तम चित्रण करतात, त्यांना चार गोष्टी सांगतो. रील जरूर करा, पण त्याच रात्री एक फीत अशीही घ्या जिच्यात सुरुवातीपासून शेवटापर्यंत तुकडा न पाडता नाच असेल आणि पाय दिसत असतील. शक्य असेल तर घराच्या माळवदावरून घ्या, म्हणजे रिंगण रिंगणासारखं दिसेल. खाली गाव, सण, तिथी, आणि संमती असेल तर वादकाचं नाव लिहा. एखाद्या जाणत्या बाईला किंवा बाबाला विचारून दोन मिनिटं बोलतं करा, की यात काय चुकवायचं नाही आणि काय आपल्या मनाने करायचं. आणि ते नको म्हणाले तर कॅमेरा खिशात घाला. आपल्या महाविद्यालयांनी असा संग्रह उभा केला तर पन्नास वर्षांनी कुणा नातीला आपल्या आजीचा फेर शिकता येईल. पैसा लागणार नाही असं नाही, पण राजवाड्यांकडे तरी कुठे पैसा होता!

शेवटी एक कसोटी देतो. चित्रफीत चांगली की वाईट हे तिच्याखालच्या आकड्यावरून ठरवू नका. ती पाहून झाल्यावर माणूस पुढची फीत लावतो, की उठून शेजारच्याचा हात धरतो, हे पाहा. येत्या श्रावणात कानबाई येईल. सोमवारी विसर्जनाला निघाल तेव्हा पाच मिनिटं चित्रण करा, गावाचं नाव लिहा, आणि मग मोबाईल घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे देऊन फुगडीत शिरा. प्रश्न असतील तर आता विचारा.